धोटा उडायलाच पाहिजे

मामांच्या टेबलाच्या कडेला बारा खिळे ठोकलेले होते. टेबल ऑफिसचं, नवंकोरं. मामांनी कामावर आल्याच्या पहिल्या आठवड्यात घरून हातोडी आणली आणि कुणाला काही न विचारता ते खिळे ठोकले. मग पिशवीतून रंगीत सुताच्या चार-पाच गुंड्या काढून खणात ठेवल्या. कामात एक बदल केला की एका खिळ्याला एक दोरा बांधायचा. बदल मागे घेतला की दोरा सोडायचा. एकाच वेळी दोन खिळ्यांवर नवे दोरे बांधावे लागले, की ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत. "अम्मा, एका वेळी एक," एवढंच म्हणत. तेलुगूत पोरीला लाडाने अम्मा म्हणतात.

प्रत्येक बदलाची नोंद कॉम्प्युटर आपोआप ठेवतो, कधीही मागे जाता येतं, हे मी त्यांना दोनदा दाखवलं होतं. त्यांनी शांतपणे बघून घेतलं. "ते तुझं कॉम्प्युटर लिहितंय," ते म्हणाले, "मला दिसायला नको का?"

आमचं ऑफिस नवी पेठेत, एका साड्यांच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. आम्ही मोबाइलवरचे गेम बनवायचो. मालक माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. सगळे त्याला दादा म्हणायचो. एकदा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याने त्याला विचारलं, की नव्या कामगारांना शिकवायला मागाचा गेम करून द्याल का? म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, की समोर माग उभा. धागा तुटला तर कसा जोडायचा, माग कधी बंद करायचा, हात कुठे घालायचा आणि कुठे नाही, हे खऱ्या मागाला हात लावायच्या आधीच शिकून घ्यायचं. त्या कारखान्यातले निम्मे माग अजून जुने होते, धोट्याचे. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला लाकडाचा तुकडा. आडवा धागा घेऊन तो मागात इकडून तिकडे पळतो. मिनिटाला शंभरावर फेऱ्या. कधी वाट चुकला, की बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर येतो.

दादा म्हणाला, "आम्हाला माग माहीत असलेला एक माणूस द्या." त्यांनी मामा दिले; कारखान्यात सगळे त्यांना मामाच म्हणायचे. चाळीस वर्षं ते तिथे जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. नवे बिनधोट्याचे माग आल्यावर कारखान्याला त्यांची फारशी गरज उरली नव्हती, आणि त्यांना घरी बसा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

पहिल्या दिवशी मी त्यांना हेडसेट चढवला. त्यांनी आधी चपला काढल्या. मग समोरच्या, फक्त त्यांनाच दिसणाऱ्या मागाला नमस्कार केला आणि तळहात पुढे नेऊन हवेतच थांबवला.

"गार हाय," ते म्हणाले.

"मामा, तो खरा नाहीये."

"ते कळालंय मला. पण तासभर चाललेला माग गार कसा काय?"

मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी ते हेडसेट न लावता, डोळे मिटून, नुसता मागाचा आवाज ऐकत बसले. खटाखट, खटाखट. पाच मिनिटांनी म्हणाले, "डावीकडचा ठोका मागं पडालाय." मी मोजून बघितलं. खरंच पडत होता, अगदी डोळ्याची पापणी लवायच्याही आत बसेल एवढा. त्या दिवसापासून माझं हसू थांबलं.

दादाचं मात्र त्यांच्याशी जमायला वेळ लागला. खंडेनवमीला मामा सकाळी सगळ्यांच्या आधी आले आणि त्यांनी दोन्ही हेडसेटना हळदकुंकू वाहिलं. थेट काचेवर. दादा दुपारभर कापसाचा बोळा घेऊन काचा पुसत होता आणि आतून सगळं जग तांबूस दिसत होतं. "मामा, हे यंत्र केवढ्याचं हाय माहिताय का?" तो वैतागून म्हणाला. मामा म्हणाले, "म्हणूनच केली की पूजा. स्वस्तातल्याची कोण करतो?"

मागाचा एकेक भाग कॉम्प्युटरात उभा करायचा होता, तेव्हा मामा रोज दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात जाऊन, बंद मागाला लोखंडी टेप लावून मापं घेत. एका वहीत तेलुगूत लिहून आणत आणि मला वाचून दाखवत. सावकाश, प्रत्येक आकडा दोनदा. पंधरा दिवसांत निम्मा माग झाला. मला कंटाळा आला. उरलेले भाग मी इंटरनेटवरून तयार घेतले आणि आमच्या मागात बसतील असे ताणून, दाबून बसवले. दिसायला फरक नव्हता. मामांना मी सांगितलं, की बाकीची मापं कारखान्याच्या साहेबांनी पाठवली. त्यांनी वही मिटली, "बरं झालं" म्हणाले, आणि मला थोडं अपराधी वाटलं, तेही दोनच दिवस.

माग तयार झाला. चांगला चालायला लागला. मग कारखान्याने नवे हेडसेट घेतले, आणि ते आमच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालेनात. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेणं भाग होतं. सोमवारी सहा नव्या बायका शिकायला येणार होत्या. मी गुरुवारी सकाळी अपग्रेड केलं, माग सुरू केला, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो विस्कटला.

गेममध्ये वस्तू एकमेकींना सांध्यांनी जोडाव्या लागतात. दार बिजागरीला, दिवा साखळीला, तसंच. आमच्या मागात असे सतरा सांधे होते. धोट्याला ठोसा मारणारा लाकडी दांडा सुटून छताला जाऊन चिकटला. त्याचा चामडी पट्टा जमिनीवर सापासारखा वळवळत होता. अर्धा विणलेला टॉवेल हळूहळू वर तरंगत खिडकीतून बाहेर गेला. दादा माझ्या मागे उभा होता.

मग मी जे करायला नको तेच केलं. एक सेटिंग बदललं, दुसरं बदललं, तिसरं. मामा दोरे बांधत होते. अकरापर्यंत गेल्यावर त्यांनी हात खाली ठेवले. "आता मला काय बी कळंना," ते म्हणाले. मलाही कळत नव्हतं. एक सांधा बसला की दुसरा निखळायचा, आणि पहिला कशाने बसला तेही आठवायचं नाही.

शुक्रवारी दुपारी मी हात टेकले आणि चलाखी केली. सगळे सांधे काढून टाकले. दांडा, पट्टा, धोटा जिच्यात येऊन थांबतो ती पेटी, सगळं जागच्या जागी पक्कं केलं. आणि धोट्याला एक ठरलेली वाट आखून दिली; रुळावरच्या गाडीसारखा त्याच वाटेने जाणार, त्याच वाटेने येणार. माग इतका देखणा चालू लागला, की दादाने खालून चहा आणि भजी मागवली.

मामांनी हेडसेट लावला. पण ते मागासमोर उभे राहिले नाहीत. ते मागाच्या टोकाला गेले, जिथे धोटा धावत येऊन थांबतो, आणि अगदी त्याच्या रेषेत, मान खाली घालून उभे राहिले. खऱ्या कारखान्यात तिथे कुणी उभं राहिलं तर मामा शिव्या घालत. आम्ही भजी खाईपर्यंत ते तसेच उभे होते. शेवटी त्यांनी हेडसेट काढला, टेबलावर नीट ठेवला.

"अम्मा, लई चांगला माग केलीस तू. ह्याच्याम्होरं माझी बायको उभी राहिली तरी तिला काय व्हायचं न्हाय."

मी खूश होऊन "थँक्यू मामा" म्हणाले.

"पण ह्या पोरींना असला माग न्हाय मिळायचा. त्यांना तिकडचा मिळणार हाय. तिथं धोटा उडतोय. हितं उडायलाच पाहिजे."

दादा म्हणाला, "मामा, सोमवारी दाखवायचंय ओ. हे चालू दे की आता. धोटा उडवायचं मागनं बघू."

"आणि तवर ह्या पोरी शिकल्या तर? धोटा कधीच उडत न्हाय, हेच शिकतील. मग तिकडं जाऊन डोकं घालतील."

"असं कुणी डोकं घालत असतंय का?"

मामांनी चपला घातल्या, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले. शनिवारी ते आले नाहीत. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले. शहराच्या पूर्व भागात, एका बोळात दोन खोल्या. मामा भाजी आणायला गेले होते. मामी दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला पाट सरकवला आणि तोंड माझ्याकडे वळवलं तेव्हा मला दिसलं, की त्यांचा डावा डोळा काचेचा आहे.

"मागवाली पोरगी तूच न्हवं?" त्या म्हणाल्या. "काल आल्यापासून जेवला न्हाय नीट. भांडण झालं?"

मी काय झालं ते सांगितलं. धोटा पक्का केला, उडत नाही, मामा रागावले. मामी वळत वळत ऐकत होत्या. ते रेषेत उभे राहिले होते हे मी सांगितलं, तेव्हा त्यांचे हात थांबले. आणि 'माझी बायको उभी राहिली तरी' असं मामा म्हणाले, हेही मी सांगून बसले.

"असं म्हणाला?"

"हो."

त्या थोडं हसल्या. "तीस वरसं झाली. मी धोट्यातल्या कांड्या भरायला होते त्याच कारखान्यात. भाचीचं लग्न होतं कुर्डुवाडीला, दुपारची गाडी गाठायची होती. ह्याचा एक माग बंद पडलेला. मी जाऊन म्हटलं, आटप की लवकर. ह्यानं पट्टा बी बदलला आणि पेटी बी ठोकून घेतली, दोन्ही एकदमच. माग चालू केला. मी टोकालाच उभी. चौथ्या फेरीला आला धोटा."

बोळातून एक रिक्षा गेली. मामींनी वळलेली विडी सुपात टाकली.

"दोन्ही एकदम केलं ना. मग कुठलं चुकलं ते कसं कळणार? पट्टा का पेटी? ते अजून त्याला कळलं न्हाय. जेवता जेवता थांबतो. मला ठावं असतं, कशाचा विचार करालाय. मी म्हणते, अरे, धोटा हाय, उडतो. तू काय बी केलं नसतं तरी उडला असता. पण न्हाय ऐकत."

मामा पिशवी घेऊन दारात आले. माझ्याकडे बघितलं, मग मामींकडे. सगळं सांगून झालंय हे त्यांना कळलं असावं. त्यांनी पिशवी आत नेऊन ठेवली आणि विचारलं, "चहा केली का हिला?"

"मामा," मी म्हणाले, "तो माग मी मोडते. पहिल्यापासून करू. सोमवार चुकला तर चुकू दे. तुम्ही या."

"दादाला सांगितलीस?"

"अजून नाही."

"मग आधी ते कर."

दादा फोनवर बराच वेळ ओरडला. आपल्या हातातलं एकमेव मोठं काम जाईल, म्हणाला, आणि ते खरंही होतं. मी त्याला मामींचं सांगितलं. मग त्यानेच कारखान्याला फोन केला आणि गुरुवारपर्यंत मुदत मागून घेतली. कशी मागितली ते त्याने कधी सांगितलं नाही.

रविवारपासून आम्ही बसलो. मी अपग्रेडच्या वेळची प्रत काढली, सगळे सांधे मोकळे केले. मग एकच जोडायचा. माग फिरवायचा. टिकला की हिरवा दोरा, सुटला की लाल. सुटलेला पुन्हा मोकळा करून पुढचा. बारा खिळे पुरेनात, तेव्हा मामांनी आणखी पाच ठोकले, आणि या वेळी हातोडी दादानेच शोधून दिली. मे महिना, वीज दोनदा गेली, पंखा बंद झाला की मामा वहीने मला वारा घालत. माझा धीर सुटत होता, त्यांचा नाही. मंगळवारी दुपारी सतराच्या सतरा सांधे तपासून झाले. नऊ हिरवे, आठ लाल.

"वाच," मामा म्हणाले.

मी लाल वाचायला लागले. दांडा, चामडी पट्टा, उजवी पेटी, टॉवेल गुंडाळायचा रूळ... मामांनी आपली वही उघडली होती. एकेक नाव घेतलं की पानं उलटत. आठही नावं झाल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे धरली.

"ह्यातलं एक बी माझ्या वहीत न्हाय. मी मोजून दिलेलं एक बी सुटलं न्हाय अम्मा. सुटलेलं समदं साहेबानं पाठवलेलं हाय. साहेबानं मोजलं कशानं?"

"साहेबांनी नाही मोजलं, मामा. मीच इंटरनेटवरून घेतले आणि ताणून बसवले."

बोलता बोलताच माझ्या डोक्यात लख्ख झालं. ताणलेले! जुनं सॉफ्टवेअर सांध्याची जागा वस्तूच्या मूळ मापाने धरत होतं. नवं सॉफ्टवेअर ताणलेल्या मापाने धरत होतं. म्हणजे दांडा दुप्पट ताणला असेल, तर त्याचा सांधाही दुप्पट लांब जाऊन हवेत बसत होता. वस्तू तिकडे ओढली जायची आणि उडायची. न ताणलेल्यांना काहीच झालं नव्हतं. मी उभी राहून हे सगळं एका दमात मामांना सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. वही मिटली. "उद्या जेवणाच्या सुट्टीला चल माझ्याबरुबर," म्हणाले. "टेप तू धर."

बुधवारी बंद मागाखाली मी पाठीवर झोपून मापं घेतली. मामा वरून दिवा धरून होते, आणि प्रत्येक आकडा माझ्याकडून दोनदा म्हणवून घेत होते. आठ भाग मी खऱ्या मापाने नव्याने केले. सांधे बसवले, एकेक करून. दिवस मावळायच्या आत माग चालायला लागला. मामा डोळे मिटून ऐकत राहिले. मग मला पट्टा जरा सैल करायला सांगितला. मी केला. विसाव्या की बाविसाव्या फेरीला धोटा सटकला आणि मी, सगळं खोटं आहे हे माहीत असून, हेडसेटसकट खाली बसले.

"हां," मामा म्हणाले. "आता झाला माग."

गुरुवारी सहा बायका आल्या. त्यात अक्कलकोटजवळच्या एका खेड्यातली महादेवी होती, विशीतली, घरात कानडी बोलणारी. पहिला धोटा तिच्याच पाळीला उडाला. ती किंचाळली, हेडसेट ओढून काढला आणि छातीवर हात ठेवून हसायलाच लागली.

"कुटनं आला ओ त्यो?"

"कुठनं आला ते मागनं," मामा म्हणाले. "तू कुठं उभी होतीस ते सांग."

तिने जागा दाखवली. मामांनी खडूने फरशीवर धोट्याची रेष ओढली, तिला दंडाला धरून दोन पावलं बाजूला केलं. "हितं. कायम हितं. धागा तुटू दे, मुकादम वरडू दे, कोण लवकर आटप म्हणू दे. हितनं हलायचं न्हाय. आधी माग बंद, मग हात."

"व्हय," ती म्हणाली. "पुन्ना लावा की." त्या दिवशी तिने अकरा वेळा धोटा उडवून घेतला.

काम संपलं तसे मामा ऑफिसला यायचे थांबले. दिवाळीनंतर मी एकदा कारखान्यात हेडसेट दुरुस्त करायला गेले होते. मागांच्या त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात कुणीतरी माझा हात धरला. महादेवी. ती मला ओढत आपल्या मागापाशी घेऊन गेली आणि मागच्या पत्र्याच्या कपाटाकडे बोट दाखवलं. पत्र्याला मुठीएवढा खड्डा पडला होता, मधोमध भोक. तिने माझ्या कानाला तोंड लावलं.

"परवा उडाला! मी बाजूला हुते. मामानी सांगितलं तितंच!"

खड्डा बरोबर तिच्या डोक्याच्या उंचीवर होता.

मी गाडी काढून थेट मामांच्या घरी गेले. ते कुठल्याशा पंख्याची मोटर उघडून बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. मामींनी आतून विचारलं, "एमैंदि?" काय झालं? मामांनी त्यांना तेलुगूत सांगायला सुरुवात केली, आणि मधेच ते पुन्हा मोटरवर वाकले. उरलेलं मीच मराठीत सांगितलं. मामी पदराने हात पुसत बाहेर आल्या.

"तिला जेवायला घेऊन ये," त्या म्हणाल्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी महादेवी आली, नवी साडी नेसून, संकोचून. जेवायला फक्त तिलाच बसवलं होतं. मामा, ज्यांनी मला आठ महिन्यांत कधी स्वतःच्या डब्यातला घास दिला नव्हता, ते स्वतः वाढत होते. भाकरी, शेंगाचटणी, वांगं, पुन्हा भाकरी. मामी तिच्यासमोर बसून होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि तिचा चेहरा दोन्ही तळहातांत धरला, हलकेच थोडा डावीकडे वळवला, थोडा उजवीकडे, आणि निरखून बघत राहिल्या.

महादेवी घास तोंडात ठेवूनच थांबली. तिने माझ्याकडे बघितलं.

"मामी आसं काय बघालत्यात ओ?"

मामांनी तिच्या ताटात अजून एक भाकरी ठेवली.

"काय न्हाय," ते म्हणाले. "जेव तू."